मेन रोडच्या वाड्यात निघालेला रूळ : नाशिकच्या ट्रामचा असेल का?

गावठाण_४२२००१ | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मेन रोडच्या मागच्या गल्लीतला आमच्या मामांचा वाडा अखेर उतरवायला काढलाय. दोन वर्षं पावसाळा आला की "धोकादायक" ची नोटीस यायची, यंदा भाडेकरूंशी एकदाचं जमलं. काल माडीच्या फळ्या काढताना न्हाणीच्या दारावर लाकडी तुळईला जोडून एक लोखंडी दांडा निघाला. आधी वाटलं साधा गर्डर असेल. चुना खरवडला तर वर गोलसर डोकं, मधे बारीक मान, खाली सपाट पाय. म्हणजे रेल्वेचा रूळच, पण अगदी बाळरूळ. उंची माझ्या चार बोटांएवढी. एका टोकाला दोन भोकं आहेत, दुसरं टोक करवतीनं कापलेलं दिसतं.

मामी शांतपणे म्हणाल्या, "तो टरामचा आहे. सासूबाई सांगायच्या." मी पन्नाशीचा झालो, त्या न्हाणीत शेकडो वेळा आंघोळ केली असेल, आणि डोक्यावर काय आहे ते आज कळतंय.

नाशकात ट्राम होती एवढं ऐकून आहे. बाकी शून्य. कोणाला माहिती असेल तर सांगा, आणि जरा लवकर सांगा. ठेकेदार म्हणतो लोखंड करारात त्याचं आहे, सोमवारी भंगारात जाणार.

शिंगाडा_तलाव | शनिवार, रात्री १०.३१

मामींचं बरोबर असणार. नाशकात सासूबाईंनी सांगितलेलं खोटं ठरत नाही, ठरवायची हिंमत कोणात आहे?

दारणाकाठ | शनिवार, रात्री ११.०५

ट्राम होती, आणि चांगली चाळीसेक वर्षं होती. १८८९ मध्ये ती झाली. मेन रोडवर जुन्या नगरपालिकेची इमारत आहे ना, तिथून थेट नाशिक रोड रेल्वे स्टेशनपर्यंत. आठ-दहा किलोमीटरचं अंतर. दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर.

सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव रेल्वेवेड्यांना ओळखीचं असेल, कारण पुढे बार्शी लाइट रेल्वे यानेच उभी केली. तो १८८२ ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला आणि छोट्या गेजच्या स्वस्त रेल्वेचं वेड डोक्यात घेऊन बसला. बार्शीची लाइन १८९७ ला सुरू झाली, तीही अडीच फुटीच. म्हणजे बार्शीच्या आधी आठ वर्षं तोच गेज आपल्या मेन रोडला पोचला होता. बार्शीवर लोक भरभरून लिहितात, नाशिकची ट्राम तळटीपेत उरली. म्हातारपणी या माणसानं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, त्याला नाव दिलं 'गार्डियन एंजल'. हे विषयाला सोडून झालं, पण राहवलं नाही.

ट्राम बंद झाली १९३१ ते १९३३ च्या दरम्यान. म्हणजे २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा ट्राम चालू होती. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हाही होती, शेवटच्या दिवसांत का असेना. नाशिकच्या इतिहासात आपण या दोन तारखा पाठ करतो आणि त्याच रस्त्यावरून जाणारे चार घोडे विसरतो.

पुण्यातला_नाशिककर | शनिवार, रात्री ११.२०

बालिश प्रश्न वाटेल, पण मुळात स्टेशन गावापासून इतकं लांब का? लहानपणापासून ऐकत आलोय की गंगाघाटावरच्या भटजींनी विरोध केला, गाडीचा धूर तीर्थाला नको म्हणाले, म्हणून साहेबानं लाइन लांबून नेली.

दारणाकाठ | शनिवार, रात्री ११.४४

ही गोष्ट मीही आजोळी ऐकली. गंमत अशी की महाराष्ट्रात ज्या ज्या गावाचं स्टेशन लांब, त्या त्या गावात हीच गोष्ट सांगतात, फक्त भटजींच्या जागी कुठे जहागीरदार येतात, कुठे पाटील.

नकाशा काढून इगतपुरीपासून बोट फिरवा. घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिक रोड, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट, मनमाड. बोट ईशान्येला सरकत जातं, कुठे अडखळत नाही. नाशिक गाव या रेषेच्या डावीकडे, वर राहतं. जीआयपीला मुंबईहून भुसावळकडे, तिथून पुढे नागपूर आणि जबलपूरच्या बाजूला जायचं होतं. पंचवटीत दर्शन घेऊन परत फिरण्यासाठी आठ-दहा किलोमीटर वाकडी वाट, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं, एवढं नकाशाच सांगतो. भटजींना विचारलं असतं तर ते कदाचित हो म्हणाले असते. यात्रेकरू त्यांनाच हवे होते.

आणखी एक. नाशिकला गाडी आधी आली आणि घाट नंतर झाला. १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत एक तुकडा आणि इगतपुरीपासून नाशिककडे दुसरा तुकडा चालू झाला, मधला थळ घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. तोवर कसाऱ्याला उतरायचं, घाट रस्त्यानं चढायचा, इगतपुरीला पुन्हा गाडीत बसायचं. आणि एवढं करून 'नाशिक'ला उतरलं की गाव अजून अडीच-तीन कोस पुढे!

मनमाडची_लेक | रविवार, सकाळी ८.१५

स्टेशनच्या नावातलं 'रोड' तेच सांगतं. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड. देव आत, रूळ बाहेर. 'रोड' लागलं की समजायचं, इथे उतरून टांग्याशी हुज्जत घालायची आहे. कुर्डुवाडीचं जुनं नावसुद्धा बार्शी रोड, आणि तिथूनच कॅलथ्रॉपसाहेबांची लाइन निघाली. म्हणजे त्यांचा धंदाच हा होता, 'रोड' पुसायचा.

आम्ही मनमाडकर मात्र सुदैवी. आमच्याकडे गाव स्टेशनला चिकटूनच वाढलं.

शिंगाडा_तलाव | रविवार, सकाळी ८.४०

चार घोडे, दोन डबे. आज असते आणि द्वारकेच्या चौकात सिग्नलला थांबले असते तर घोडे तिथेच म्हातारे होऊन पेन्शनीत निघाले असते.

कीमन_निवृत्त | रविवार, सकाळी ९.३०

मी रेल्वेत पी-वेला, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात होतो, रुळातच आयुष्य गेलं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. लहान रूळ दिसला की तो ट्रामचा, असं धरून चालू नका. खाणीत, धरणाच्या कामावर, साखर कारखान्यात, वीटभट्टीवर ढकलगाडीचे रूळ असायचे. तेही असेच बुटके. काम संपलं की ते लिलावात जात आणि लोक घरात तुळईला वापरत. त्या काळी लोखंडी गर्डर घेण्यापेक्षा जुना रूळ स्वस्त पडायचा. निम्म्या महाराष्ट्रातल्या शाळांची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडाच की.

दुसरी. ओळखायचं कसं? वजनावरून. रूळ उंचीनं ओळखत नाहीत, वजनानं ओळखतात. आज मेन लाइनला ५२ आणि ६० किलोचा रूळ म्हणतात, म्हणजे एका मीटरला तेवढे किलो. पूर्वी पौंडात मोजायचे, यार्डाला किती पौंड. आमच्या उमेदवारीत ९० पौंडी रूळ सगळीकडे. बार्शी लाइटला सुरुवातीला ३० पौंडी रूळ होता. ढकलगाडीचे रूळ दहा, चौदा, अठरा पौंडाचे. सोपी युक्ती: मीटरला जेवढे किलो येतील ते दुप्पट करा, जवळजवळ यार्डाचे पौंड येतात.

तर तो तुकडा मोजा, काट्यावर ठेवा, आकडा इथे टाका. आणि डोक्याच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवा. एक कड घासलेली लागते का ते सांगा.

गावठाण_४२२००१ | रविवार, सकाळी ९.५२

काका, तुम्ही हे काल रात्री सांगितलं असतं तर मी झोपलोच नसतो. निघतो.

उपनगर_नाका | रविवार, सकाळी १०.२०

आमच्या घरात ट्रामची एकच आठवण आहे, तीही आजीच्या तोंडून. पणजोबा प्रेसला लागले. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, आणि नोटा छापायला लागले १९२८ पासून. आमचं घर तेव्हा जुन्या नाशकात, भद्रकालीकडे. आजी तेव्हा परकरात होती. ती सांगायची, बाबा ट्रामनं जायचे, आणि एके दिवशी सायकल घेऊन आले. हर्क्युलीस. सगळी आळी बघायला आली. त्यानंतर बाबांनी ट्रामचं नाव काढलं नाही.

आम्ही पोरं विचारायचो, आजी ट्राम कशी होती गं? ती म्हणायची, "घोड्यांचा वास यायचा." बस, एवढंच. तिला डबा आठवत नव्हता, तिकीट आठवत नव्हतं. सायकलचा दिवा मात्र आठवायचा, कार्बाइडचा.

मला वाटतं ट्राम मारली ती सायकलीनं.

दारणाकाठ | रविवार, सकाळी ११.०२

फारच छान. पण एकट्या सायकलीवर आळ नको. ट्रामच्या शेवटाबद्दल दुष्काळ, प्लेग आणि तोटा ही कारणं सांगतात. प्लेग नाशकात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच शिरला होता, लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. तो ट्रामला आजारी पाडू शकतो, १९३३ पर्यंत वाट बघत बसणार नाही. माझ्या मते तिसरा गुन्हेगार आहे, सर्व्हिस मोटार. एसटी १ जून १९४८ ला धावली, पुणे ते अहमदनगर. त्याआधीची दोन-अडीच दशकं रस्त्यावर राज्य होतं खाजगी सर्व्हिस मोटारींचं. भरली की निघाली, हात केला की थांबली. ट्रामला रूळ सोडून गिऱ्हाइकाच्या दारात जाता येत नाही. मोटार जाते.

कीमन_निवृत्त | रविवार, सकाळी ११.३५

चौथा गुन्हेगार मी सांगतो. घोडा.

रुळावर चाक कमी ताकदीत फिरतं, हे खरं. खडी-मातीच्या रस्त्यावर घोडा जे ओढेल त्याच्या कितीतरी पट तो रुळावर ओढतो. म्हणून तर घोड्याच्या गाडीलाही रूळ घालायचे. पण घोडा उभा असला तरी खातो. इंजिन विझवता येतं, घोडा विझवता येत नाही. चार घोडे गाडीला म्हणजे तबेल्यात चार नव्हेत, आलटून पालटून जुंपायला आणखी हवेत. वैरण, नाल, मोतद्दार. दुष्काळात माणसाच्या धान्याआधी कडबा महाग होतो. दुष्काळानं ट्राम मारली असं म्हणतात त्याचा मी असा अर्थ लावतो.

यात्रेचं उत्पन्न म्हणाल तर सिंहस्थ बारा वर्षांनी. १९२० ला डबे ओसंडून वाहिले असतील. पुढची अकरा वर्षं घोड्यांनी काय खायचं?

रुळाच्या कामाचंही बघा. आमच्या लाइनीत दोन रुळांमधे उघडे स्लीपर (रुळाखालचे आडवे ओंडके) आणि खडी चालते. घोड्याच्या लाइनीत चालत नाही. टाप स्लीपरच्या कडेवर पडली की पाय मुरगळला. म्हणून मधे मुरूम भरून, धुम्मस करून सपाट ठेवावं लागतं. अडीच फुटात दोन घोडे शेजारी मावत नाहीत, जोडीनं जुंपले तर टापा रुळाबाहेरही पडणार, म्हणजे बाहेरची पट्टीही सांभाळा. त्यात वाटेत नासर्डी नदी. एका पावसाळ्यात मुरूम वाहून गेला की परत टोपल्या. आठ-दहा किलोमीटर. गँगमनचे हाल माझ्या डोळ्यांपुढे येतात.

पुण्यातला_नाशिककर | रविवार, दुपारी १२.१०

मुंबईलाही घोड्यांची ट्राम होती ना? ती का टिकली?

मनमाडची_लेक | रविवार, दुपारी १२.२८

टिकली कुठे? घोड्याची ट्राम मुंबईत ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि १९०५ ला संपली. टिकली ती विजेची, १९०७ पासून ३१ मार्च १९६४ पर्यंत. म्हणजे मुंबईनं घोडे सोडून दिले त्यानंतरही नाशकात पाव शतक घोडे पळत होते. मुंबईच्या ट्रामवर कौतुकाचे लेख येतात तेव्हा मला हेच म्हणावंसं वाटतं.

शिवाय मुंबईची ट्राम दाट वस्तीतून जायची, पावलापावलाला चढ-उतार. नाशिकच्या ट्रामला मधे वस्तीच नव्हती. तेव्हा द्वारका ते नाशिक रोड म्हणजे झाडी आणि रान. आज जिथे उपनगर, गांधीनगर, दत्तमंदिर म्हणून बस थांबते तिथे उतरणार कोण?

उपनगर_नाका | रविवार, दुपारी १२.४५

मामांची पिढी अजूनही नाशिक रोडहून निघताना "नाशिकला जाऊन येतो" म्हणते. बाहेरचे हसतात. पण ७ नोव्हेंबर १९८२ ला महानगरपालिका होईपर्यंत नाशिक रोड-देवळालीची नगरपालिका वेगळीच होती. दोन गावंच होती ती. प्रेस इकडे, स्टेशन इकडे, पुढे एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र इकडे. आमच्याकडे भोंगा, तुमच्याकडे घंटा. स्टेशनमुळे कारखान्यांचं गाव झालं, आणि ज्या जुन्या गावासाठी ट्राम टाकली ते तिकडेच राहिलं.

शिंगाडा_तलाव | रविवार, दुपारी १२.५१

आणि दोन गावं पुन्हा जोडायला २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओ आली, २,०९२ कोटींची. रबरी टायरची, वर विजेची तार, रूळ नाहीतच. १८८९ चे रूळ होते, घोडे होते. इथे फक्त आकडा आहे. घोड्यांचा वास तरी यायचा.

गावठाण_४२२००१ | रविवार, दुपारी ३.४०

आलो. सविस्तर लिहितो.

आधी ठेकेदार. तो म्हणाला, किलोच्या भावानं घ्या. मी म्हटलं, देतो, पण काट्यावर वजन माझ्यासमोर. तो रूळ मी, माझा भाचा आणि एक मजूर असे तिघांनी हातगाडीवर टाकला आणि भंगारवाल्याकडे नेला. भंगारवाल्यानं विचारलं, "विकायचाय?" म्हटलं, नाही, विकत घेतलाय, फक्त मोजायचाय. त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

लांबी ७ फूट २ इंच. वजन २५ किलो ९०० ग्रॅम. चुना आणि सुटा गंज आधी खरवडून काढला होता. मानेवर कसलीशी अक्षरं आहेत, पण वाचता येत नाहीत.

अंगठा फिरवला. काका, एक कड खरंच घासलेली आहे. डोकं एका बाजूला गोल आहे आणि दुसऱ्या बाजूला वस्तऱ्यानं तासल्यासारखं, सरळ उतरलेलं. डोळे मिटूनही कळतं कुठली बाजू कोणती.

कीमन_निवृत्त | रविवार, दुपारी ४.०५

शाब्बास. ७ फूट २ इंच म्हणजे २.१८ मीटर. २५.९ ला भागा, मीटरला ११.८६ किलो. दुप्पट केली की पावणेचोवीस, बारीक हिशेबानं चोवीसला टेकतो. चोवीस पौंडी रूळ.

ढकलगाडीला हा जड आहे. दहा-चौदा पौंडावर भागत असताना कोणी चोवीसचा घालत नाही. बार्शीच्या तीसपेक्षा हलका, पण बार्शीवर इंजिन होतं. घोड्याच्या गाडीला चोवीस भरपूर झाला.

घासलेली कड म्हणजे चाकाची फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) लागलेली बाजू, रुळाची आतली बाजू. वळणावर बाहेरचा रूळ असाच झिजतो. म्हणजे हा गोदामात पडून राहिलेला कोरा रूळ नाही. यावरून गाडी गेली आहे, आणि थोडेथोडके दिवस नाही. दोन भोकं फिशप्लेटची, म्हणजे दोन रूळ जोडायच्या पट्टीची, टोकाला सांधा होता.

अक्षरं वाचता येत नाहीत म्हणालात. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, पोरं नाण्याचा छाप घेतात तशी. डोळ्याला दिसत नाही ते कागदाला दिसतं.

दारणाकाठ | रविवार, दुपारी ४.३०

मी जरा थंड पाणी ओततो. चोवीस पौंडी रूळ आणि झिजलेली कड एवढ्यानं 'ट्राम' सिद्ध होत नाही. एखाद्या मोठ्या कामावर इंजिनानं ओढायच्या छोट्या गाड्याही असायच्या, त्यांना असा रूळ चालेल. वाडा कधी बांधलाय? न्हाणी मूळ आराखड्यातली की मागाहून?

गावठाण_४२२००१ | रविवार, सायंकाळी ६.१५

वाडा जुना, मामांच्या आजोबांच्या आधीचा. पण न्हाणी नंतरची, हे भिंतीवरूनच कळतं. वाडा काळ्या दगडात आणि पांढऱ्या मातीत, न्हाणी भाजक्या विटेत आणि चुन्यात. मामींच्या म्हणण्यानुसार सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा न्हाणी नवी होती. त्यांचं लग्न सदतीस सालचं.

मनमाडची_लेक | रविवार, सायंकाळी ६.२२

म्हणजे ट्राम बंद झाल्यावर चार-सहा वर्षांत. आणि ट्रामचं शेवटचं ठिकाण वाड्यापासून किती पावलांवर?

गावठाण_४२२००१ | रविवार, सायंकाळी ६.२५

जुन्या नगरपालिकेपर्यंत? पान खायला जातो, ते संपायच्या आत परत येतो.

शिंगाडा_तलाव | रविवार, सायंकाळी ६.३०

दारणाकाठ साहेब, मामींच्या सासूबाई आघाडीवर आहेत.

गावठाण_४२२००१ | रविवार, रात्री ९.५०

कागद-पेन्सिल झाली. भाच्याच्या चित्रकलेच्या वहीची तीन पानं गेली.

मान जिथे चुन्यात गाडलेली होती तिथे गंज कमी आहे. छापात इंग्रजी अक्षरं उमटली. सुरुवातीचं काही लागत नाही, तिथे नुसती खरूज. नंतर स्पष्ट 'स्टील'. मग थोडी मोकळी जागा आणि आकडा. पहिला १, दुसरा ८. त्यापुढे खड्डा. एवढंच.

काका, १८ म्हणजे काय? तुम्ही सकाळी अठरा पौंडी रूळ म्हणाला होतात, मला तीच धास्ती वाटतेय.

कीमन_निवृत्त | रविवार, रात्री १०.१०

अजिबात घाबरू नका. अठरा पौंडी रूळ असता तर मीटरला नऊ किलोच्या आतबाहेर भरला असता. तुमचा पावणेबारा-बारा भरलाय. लोखंड गंजून हलकं होतं, जड होत नाही. नव्वद वर्षं भिंतीत राहून अठराचा चोवीस व्हायला तो काय फिक्स डिपॉझिट आहे?

कारखान्याचं नाव, मग स्टील, मग साल, असं उठवायची पद्धत. १८ हे सालाचे पहिले दोन आकडे. रूळ एकोणिसाव्या शतकातला आहे.

दारणाकाठ | रविवार, रात्री १०.२६

मानलं. धरणाच्या कामावरचा म्हणावं तर दारणा धरणसुद्धा विसाव्या शतकातलं. शंभर टक्के म्हणणार नाही, तो माझा स्वभाव नाही. पण १८-काहीतरी सालचा, चोवीस पौंडी, गाडीखाली झिजलेला, ट्राम उखडल्यावर लगेच बांधलेल्या न्हाणीत, मेन रोडपासून एका पानाच्या अंतरावर. माझी हरकत मागे घेतो.

पुण्यातला_नाशिककर | रविवार, रात्री १०.४०

घासलेल्या कडेचा जवळून फोटो टाका ना. मला तीच बघायची आहे.

उपनगर_नाका | रविवार, रात्री १०.४४

मलाही. पणजोबा त्याच्यावरून गेले असतील, सायकल घेईपर्यंत.

गावठाण_४२२००१ | सोमवार, सकाळी ७.०५

फोटो उजेडात काढून संध्याकाळी टाकतो. रूळ सध्या आमच्या गॅलरीत आहे, दोन विटांवर, भोकं असलेलं टोक रस्त्याकडे. बायकोनं रात्रीच त्यावर तुळशीची आणि गवती चहाची कुंडी ठेवली.

मामींना फोन करून सगळं सांगितलं. पौंड, मीटर, स्टील, अठरा, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, पण मी शनिवारीच सांगितलं होतं की." मग विचारलं, "न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ कुठाय? तेही ठेकेदारानं उचललं का?"

घंगाळ बघायला निघालोय.